एकमय लोक कुठे आहेत? : कोल्हापूर आणि राष्ट्राचे दोन अर्थ

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासावरचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडावे. ‘राष्ट्रवादाचा उदय’ या प्रकरणात पुणे असते : सार्वजनिक सभा, ‘केसरी’, गणेशोत्सव, रायगडावरचा शिवोत्सव, वंगभंग, मंडाले. मग चार-पाच प्रकरणे उलटली की ‘सामाजिक सुधारणा’ येतात आणि तिथे कोल्हापूर असते : वेदोक्त, आरक्षण, वसतिगृहे, माणगाव. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की शाहू महाराजांवर भक्तिभावाने लिहिणारे लेखकही ती मुकाट्याने पत्करतात. टिळकांकडे राष्ट्र, शाहूंकडे समाज, दोघेही आपापल्या जागी थोर, विषय संपला.

माझा आक्षेप या वाटणीलाच आहे. कोल्हापुरात १८९९ पासून पुढे वीस-पंचवीस वर्षे जो संघर्ष चालला, तो ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या टिळक-आगरकर वादाची पुढची आवृत्ती म्हणून वाचला जातो. मला तो राष्ट्र कशाला म्हणावे यावरचा वाद वाटतो. एका बाजूला राष्ट्र आधीपासून आहे, फक्त पारतंत्र्यात आहे, असे गृहीत होते. दुसऱ्या बाजूला ते अजून व्हायचे आहे, अशी धारणा होती. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, आणि दोन्ही बाजूंची पापे, या फरकातून निघतात.

राष्ट्र हा शब्द आपल्याकडे जुना, पण त्याचा आजचा अर्थ नवा. चालुक्यांच्या काळात राष्ट्र म्हणजे राज्याचा एक विभाग आणि राष्ट्रकूट म्हणजे त्या विभागाचा मुख्य अधिकारी. पुढे त्या अधिकारपदाचे एका राजघराण्याला नाव पडले. ‘देश’ची गत आणखी गमतीची. आमच्याकडे अजूनही घाटावरचा माणूस ‘देशावरचा’ आणि खालचा कोकणातला. गगनबावड्याचा घाट उतरला की देश संपतो! हा शब्द जेव्हा हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत ताणला गेला, तेव्हा तो ताणणारे लोक कोण होते, आणि त्यांच्या हाताशी कोणती साधने होती, हे विचारायला हवे.

बेनेडिक्ट अँडरसनने १९८३ साली याचे उत्तर छापखान्यात शोधले. एकमेकांना कधीही न भेटणारी हजारो माणसे एकाच दिवशी एकच वर्तमानपत्र वाचतात, आणि आपण एक आहोत अशी कल्पना करू लागतात. हे ‘केसरी’ला चपखल लागू पडते. पण १९०० सालच्या करवीर इलाख्यात हा सिद्धांत घेऊन हिंडायचे तर पहिल्याच खेड्यात अडखळायला होते. ज्याला वाचताच येत नाही, त्याने ‘केसरी’तले राष्ट्र कल्पावे कसे? १९१७ साली शाहूंनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. याची नोंद आपण शिक्षणाच्या इतिहासात करतो. अँडरसन वाचल्यावर ती राष्ट्राच्या इतिहासातही करावी लागते.

दुसरे नाव अर्नेस्ट रेनाँचे. १८८२ साली सॉर्बोनमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने वंश, भाषा, धर्म, भूगोल या सगळ्या कसोट्या एकेक करून बाजूला सारल्या आणि दोन गोष्टी ठेवल्या : गतकाळाच्या समाईक आठवणी, आणि आज एकत्र राहण्याची इच्छा. डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात रेनाँचा आधार घेतला आहे. मराठीत रेनाँ पुष्कळदा येतो, पण त्याची एक अडचणीची अट सहसा गाळली जाते. राष्ट्र होण्यासाठी लोकांना बरेच काही विसरावेही लागते, असे तो सांगतो. कोणी काय विसरायचे, हे मात्र तो सांगत नाही. ज्याने मारले त्याला विसरणे सोपे असते. ज्याने खाल्ले त्याला ‘आता विसर’ म्हणून सांगणे ही विनंती असते की हुकूम, हा प्रश्न कोल्हापुरात फार लवकर उभा राहिला.

*

त्याआधी दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहू. न्यायमूर्ती रानड्यांचे ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ १९०० साली आले. (रानड्यांचे बालपण आणि सुरुवातीचे शिक्षण कोल्हापुरातले, गोखलेही इथे शिकले. पुण्याच्या राजकारणाचे दोन मोठे खांब आमच्या गावाने घडवले, हे आम्ही फारसे मिरवत नाही.) रानड्यांचा सिद्धांत असा की शिवाजी महाराजांचे राज्य एका धाडसी पुरुषाचा पराक्रम एवढेच नव्हते, संतांच्या चळवळीने आधीच जातीजातींना जवळ आणून एक लोकसमूह घडवला होता, त्याला राज्याचे रूप आले. म्हणजे राष्ट्र आधी, राज्य नंतर. इंग्रज इतिहासकारांनी लुटारूंची टोळी म्हणून ज्यांना निकालात काढले होते, त्यांना रानड्यांनी इतिहासाचे कर्तेपण परत दिले. हे काम लहान नाही.

पण जे सिद्ध करायचे तेच त्यांनी गृहीत धरले. पंढरीच्या वाटेवर जाती एकत्र चालत होत्या हे खरे. वाट संपल्यावर त्या आपापल्या विहिरीवर परतत होत्या हेही तितकेच खरे. चोखामेळ्याची समाधी देवळाच्या बाहेर आहे. त्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. रानड्यांनी सांगितलेले ऐक्य तीनशे वर्षे पायरीशीच थांबलेले होते.

दुसरे पुस्तक रानड्यांच्या आधीचे. जोतीराव फुले १८९० च्या नोव्हेंबरात गेले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ साली छापून आले. त्यात त्यांनी ‘नेशन’ या इंग्रजी शब्दासाठी ‘एकमय लोक’ असा शब्द योजला आहे. मराठी राजकीय विचारात इतका नेमका पारिभाषिक शब्द क्वचितच घडला असेल. तो रूढ झाला नाही हे आपले नुकसान. ‘राष्ट्र’ म्हटले की डोळ्यांसमोर भूमी येते, नकाशा येतो. ‘एकमय लोक’ म्हटले की माणसे येतात, आणि ती एकमेकांच्या घरी जेवतात का, हा प्रश्न येतो. जातींनी तुकडे झालेल्यांचे एकमय लोक कसे होणार, असे फुले सभा-काँग्रेसवाल्यांना विचारत होते. ते राष्ट्र नाकारत नव्हते. राष्ट्राची कसोटी कडक करत होते. रानड्यांचे राष्ट्र भूतकाळी क्रियापदात आहे, फुल्यांचे भविष्यकाळी. शाहूंच्या कारकिर्दीतले सगळे महत्त्वाचे निर्णय या भविष्यकाळी क्रियापदाखाली येतात, असे माझे वाचन आहे.

वेदोक्त प्रकरणाची हकीकत कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असते, म्हणून थोडक्यात. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या लक्षात आणून दिले. छत्रपती शूद्र, म्हणून वेदोक्त नाही. आणि शूद्रासाठी मंत्र म्हणायचे, म्हणून भटजींनी स्वतः आंघोळ करण्याचीही गरज नाही. प्रकरण वाढत जाऊन राजोपाध्यांची इनामे जप्त होण्यापर्यंत गेले. ऑक्टोबर १९०१ मध्ये ‘केसरी’ने या विषयावर लेख लिहिले. वेदोक्ताच्या हट्टातून कोणाच्या पदरात काही पडणार नाही, परंपरेने चालत आलेली रीत मोडू नये, असा त्यांचा रोख.

हे लेख टिळकांच्या जातीय अभिमानाचा पुरावा म्हणून उद्धृत करणे सोपे आहे, आणि ते शंभर वर्षे चाललेच आहे. मला त्यात दुसरे काही दिसते. त्याच टिळकांनी १८९६ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा उत्सव घडवून आणला होता. महाराज राष्ट्रपुरुष, त्यांच्या गादीवर बसलेल्या वारसाला मात्र स्वतःच्या घरात क्षत्रियाचा मंत्र मागितला तर तो क्षुल्लक गोष्टीचा आग्रह. उत्सवातल्या शिवाजी महाराजांना राष्ट्रात जागा होती, करवीरच्या छत्रपतीच्या अपमानाला नव्हती. राष्ट्र आधीच तयार आहे असे मानले की आतली प्रत्येक तक्रार ही फूट ठरते. तक्रार करणाऱ्यालाच मग विचारले जाते : आत्ताच कशाला काढलेत हे?

टिळकांना अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवले पाहिजे. विरोधकांनी त्यांना ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ म्हणून हिणवले होते, आणि ते बिरुद त्यांनी सन्मानाने वागवले. १९१६ च्या लखनौ करारात मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ देण्याची राजकीय उदारता त्यांच्यापाशी होती. मग १९१७ साली अथणीच्या सभेत, कायदे कौन्सिलात जाऊन तेल्या-तांबोळ्यांनी, कुणब्यांनी करायचे काय, अशा अर्थाचा उपहास त्यांच्या तोंडून कसा निघाला? चळवळीत माणसे हवीत, मोजणीत माणसे हवीत. कौन्सिलात मात्र ‘राष्ट्राच्या वतीने’ बोलणारे हवेत. हा विसंवाद एका माणसाच्या स्वभावात शोधून सापडत नाही, तो त्या राष्ट्रकल्पनेतच आहे. अथणी कोल्हापूरपासून फार दूर नाही. तिथला उपहास इथे ऐकू आला.

*

आता शाहूंकडे. १८९४ मध्ये त्यांच्या हाती अधिकार आले तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या, आणि ५०० कारकुनी जागांपैकी जेमतेम १० ब्राह्मणेतरांकडे. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम निघाला : रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. या हुकुमातली टक्केवारी सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातली व्याख्या अधिक महत्त्वाची वाटते. मागासलेले कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व.

ही नुसती कारकुनी सोय नाही. एका फटक्यात मराठा, महार, जैन, लिंगायत, मुसलमान, धनगर, शिंपी यांचा एक समूह कागदावर तयार झाला. यातले निम्मे लोक निम्म्यांच्या हातचे पाणी पीत नव्हते. राष्ट्र कल्पिले जाते म्हणतात. इथे ते गॅझेटात कल्पिले गेले. पुढे ज्याला आपण ‘बहुजन समाज’ म्हणू लागलो त्याचा हा बीजलेख आहे. पण त्याची व्याख्या नकारात्मक आहे : जे ते नाहीत, ते आपण. या मुद्द्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

वसतिगृहांवर मात्र थोडे थांबू, कारण शाहूंवरचा सर्वांत गंभीर आक्षेप तिथे आहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे लिंगायत, नामदेव, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत... जातीचे नाव घ्यावे आणि बोर्डिंग निघावे. मी दसरा चौकातून रोज जातो. तिथल्या मुस्लिम बोर्डिंगची पाटी वाचून बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो की जाती मोडणाऱ्या राजाने जातवार वसतिगृहे कशी काढली?

उत्तर १८९६ सालात आहे. त्या वर्षी महाराजांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले होते. दार सगळ्यांना उघडे. प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. स्वयंपाकघर, पंगत, सोवळे यांच्या नियमांनी बाकीच्यांना दारातूनच परतवले. ‘सर्वांसाठी’ म्हणून उघडलेली जागा ज्यांच्या हातात ती आधीपासून आहे त्यांचीच कशी होते, याचा हा धडा राष्ट्रवादाच्या सिद्धांतकारांनीही गिरवण्यासारखा आहे. जातवार बोर्डिंगे ही त्या अपयशानंतरची वाट. जातीने जातीच्या मुलांसाठी वर्गणी काढावी, दरबार जागा आणि अनुदान देईल. मुले झोपतील वेगळी, शाळेत बसतील एकत्र. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरसकट सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम निघाला, तो याच क्रमातला. आंतरजातीय विवाहाचा कायदाही १९१९ चाच. महाराजांच्या पुढाकाराने ठरलेला कागलच्या घाटगे घराण्यातली मुलगी आणि इंदूरचे धनगर होळकर यांचा विवाह त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली लागला. ताट, बाक, आणि शेवटी सोयरीक : एकमय होण्याच्या पायऱ्या फुल्यांनी सांगितलेल्या कसोटीशी जुळतात.

तरीही आक्षेप पूर्ण फिटत नाही. पायरी म्हणून बांधलेल्या जागेत लोक घर करून राहिले. शंभर वर्षांनंतर बोर्डिंगांची नावे तीच आहेत आणि त्यांच्या विश्वस्त मंडळांत दुसऱ्या जातीचा माणूस शोधायला दिवा लागतो. शाहूंचे चरित्रकार हा भाग पटकन उरकतात. अण्णासाहेब लठ्ठ्यांचे १९२४ चे इंग्रजी चरित्र यात मला वेगळे वाटते. लठ्ठे स्वतः जैन समाजाचे संघटक, दरबारातून दुरावलेलेही, म्हणून त्यांच्या लेखनात आरती कमी आणि कारभार जास्त आहे. पुढे हेच लठ्ठे १९३७ च्या मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. जात-संघटनेपासून राष्ट्रीय सभेपर्यंतचा रस्ता बंद नव्हता, याचे ते चालते उदाहरण.

राहिला इंग्रजांपुढच्या नमतेपणाचा प्रश्न. पहिल्या महायुद्धात शाहूंनी सैन्यभरतीला मदत केली, सरकारशी त्यांचा पत्रव्यवहार आज वाचताना अवघडल्यासारखे होते. संस्थानिकाच्या मानेवर रेसिडेंट बसलेला असतो हे स्पष्टीकरण खरे आहे, पुरेसे नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये देशभर बहिष्कार चालू असताना पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली, आणि त्यामागे शाहू महाराज होते. रायगडावरच्या उत्सवात शिवाजी महाराज परकीय सत्तेविरुद्ध उभे होते. पुण्याच्या त्या कोनशिलेपाशी ते परकीय युवराजाच्या साक्षीने, घरातल्या वरचढांविरुद्ध उभे केले गेले. फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात महाराजांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले होते. पोवाड्यातल्या त्या राजाला १९२१ मध्ये साम्राज्याचा पाहुणा लागावा, ही घडवायच्या राष्ट्राची सर्वांत दुबळी बाजू. घडवायचे तर सत्ता हवी, आणि सत्ता होती ती इंग्रजांची. आणखी एक उणीव : सगळे हुकूम वरून आले. प्रजेला शाळा मिळाली, नोकरी मिळाली, मत मिळाले नाही.

*

शाहू १९२२ मध्ये गेले. तीन वर्षांनी दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ निघाले. टिळक-चिपळूणकरांवरची भाषा इतकी जहाल की खटला झाला. अपिलात जवळकर-जेध्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली. पुस्तिका म्हणून तिचे मोल बेताचे आहे, शिव्या फार. पण शीर्षक पाहा. ब्राह्मणेतर पक्षाला ‘राष्ट्रद्रोही’ म्हटले जात होते. त्याने उलट फिरून तोच शब्द वापरला. ‘देश’ आता वादाच्या दोन्ही टोकांना होता. त्याच वेळी एक धोकाही दिसतो : राष्ट्र कोणाला म्हणावे या प्रश्नाची जागा राष्ट्राचा शत्रू कोण या प्रश्नाने घेतली. १९०२ च्या गॅझेटातली नकारात्मक व्याख्या इथे शिवी झाली.

कोल्हापुरात हे दोन प्रवाह एका घरात भेटले. खंडेराव बागल सत्यशोधक, ‘हंटर’चे संपादक. त्यांचे चिरंजीव माधवराव यांनी १९३९ मध्ये रत्नाप्पाण्णा कुंभार आणि इतर सहकाऱ्यांसह प्रजा परिषद उभी केली आणि राजाकडे जबाबदार राज्यपद्धती मागितली. बापाने भटजीचे मध्यस्थपण नाकारले, मुलाने दरबाराचे. शाहूंच्या शाळांत शिकलेली पिढी शाहूंच्या गादीसमोर मतदार म्हणून उभी राहू पाहत होती. राष्ट्र वरून घडवता येते की खालून, या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे एवढ्या वेगाने बदलले.

आणि मग १९४८. गांधीजींच्या खुनानंतर कोल्हापूर, सातारा, सांगली भागात ब्राह्मणांची घरे जळाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मारेकरी ब्राह्मण होता, म्हणून. या घटनेवर मराठीत दोन प्रकारे लिहिले जाते : एकतर ब्राह्मणेतर चळवळीचे खरे रूप म्हणून, नाहीतर चळवळीशी संबंध नसलेल्या गुंडांचे कृत्य म्हणून. दोन्ही लिखाणे हिशेब चुकवतात. गांधींचा खून करणाऱ्याची कल्पना अशी होती की राष्ट्र पूर्वापार आहे आणि त्यात कोण बसतो हे ठरलेले आहे. जाळपोळ करणाऱ्यांनी तीच कल्पना उलटी करून वापरली. फुल्यांच्या शब्दात ‘सोडून बाकीचे सर्व’ नव्हते. त्यांच्या सार्वजनिक सत्यधर्माचे दार ब्राह्मणालाही बंद नव्हते. एकमय लोकांतून कोणालाही वजा केले तर उरतो तो गट. शाहूंनाही हे कळत होते, निदान त्यांच्या १९१९ च्या कायद्यांत ते कळल्याच्या खुणा आहेत. चळवळीच्या सभांमध्ये मात्र वजाबाकी सोपी पडली.

भाषेच्या राष्ट्रवादाबद्दल इथे दोनच वाक्ये. १९५६ पासून निपाणी-बेळगावचा प्रश्न आमच्या उशाला आहे, आणि त्यातल्या मराठी माणसाची तक्रार खरी आहे. पण शिरोळ तालुक्यात घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, कर्नाटकातली माणसे जोतिबाला येतात आणि कोल्हापूरची माणसे सौंदत्तीला यल्लम्माला जातात. रेनाँने भाषेची कसोटी का बाजूला ठेवली, हे शिरोळच्या आठवडी बाजारात अर्धा तास उभे राहिले तरी समजते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील असा प्रश्न विचारला; आपण अजून राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर उमजेल तितके बरे, या अर्थाचे सांगितले, आणि जातींना राष्ट्रविरोधी म्हटले. ‘एकमय लोक’ हा शब्द त्यांनी वापरला नाही, प्रश्न तोच होता. राष्ट्राची घटना पुरी होत असताना, ती लिहिणाराच सांगत होता की राष्ट्र अजून यायचे आहे. राष्ट्रवादाच्या जागतिक वाङ्मयात अशी जागा मला दुसरी माहीत नाही.

त्यानंतर वर्षभराने, ९ डिसेंबर १९५० रोजी, माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन बिंदू चौकात फुल्यांचा आणि आंबेडकरांचा असे दोन अर्धपुतळे शेजारी बसवले. आंबेडकर तेव्हा हयात होते, केंद्रात कायदामंत्री होते. ज्या गावात पावणेतीन वर्षांपूर्वी माणसाची जात पाहून घरे पेटवली गेली, त्याच गावच्या भर चौकात, तुरुंगाच्या भिंतीजवळ, हे पुतळे बसले. ते आजही तिथेच आहेत.